पाव फेरा

कॉफीची बरणी मी नेहमीसारखी झाकणाला धरून उचलली आणि झाकण तेवढं माझ्या हातात राहिलं. बरणी गेली खाली. काचेची होती, तिला फुटण्याशिवाय दुसरं काय येणार. माझ्या दोन अनवाणी पायांच्या मधोमध काचा, त्यांच्यावर कॉफीची भुकटी, आणि मी हातात पिवळं झाकण घेऊन बक्षीस मिळाल्यासारखा उभा. बायको हजारदा सांगून थकली आहे की बरणी बुडाला धरावी, वरून उचलू नये, पण जित्याची खोड. ती आतून धावत आली. "हलू नका, पायात काही नाही तुमच्या," म्हणाली, आणि मग तिची नजर माझ्या हातातल्या झाकणाकडे गेली. "काल माझ्याकडूनच नीट लागलं नसेल," असं ती लगेच म्हणाली, मी काही विचारायच्या आधीच. सव्वीस वर्षं मी या बाईबरोबर राहतोय. नळ बंद करताना ती तो किंचाळेपर्यंत पिळते. दाराला कुलूप लावलं की चार पायऱ्या उतरून परत येते आणि ओढून बघते. तिच्या हातून झाकण नीट लागत नाही म्हणजे काय? ती झाडू आणायला गेली तेवढ्यात मी ओट्यावरच्या मिठाच्या बरणीला एक बोट लावलं. झाकण फिरलं. डाळीच्या बरणीचं फिरलं. साखरेचं, चहाचं, सगळी फिरली, एका बोटाच्या ढकलण्यानं, कुठंही अडलं नाही. घट्ट लागायला पाव फेरा कमी, एकूण एक. माझा जन्म नट आवळण्यात गेला आहे, पाव फेरा म्हणजे किती हे मला बोटांना विचारावं लागत नाही. ती झाडू घेऊन आली तसा मी हात मागे घेतला. चोरी तिची आणि ओशाळलो मी. काचा गोळा करताना ती खाली बघत होती आणि मी वर, छताकडे. कॉफी न घेताच मी बूट चढवले. "अहो, कपाटात दुसरी पुडी आहे," ती म्हणाली. "उशीर होतोय," मी म्हणालो. उशीर काही होत नव्हता.

यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. बायकोनं नवऱ्यासाठी झाकणं सैल ठेवली. चारचौघांत सांगितलं तर लोक तिचं कौतुकच करतील. करावं. मीही करीन, पण नंतर. आधी माझी अडचण ऐका. दोन वर्षांपूर्वी माझ्या बोटांचे सांधे सुजायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा म्हातारपणचा संधिवात नव्हे. तुमचं शरीरच तुमच्या सांध्यांवर चिडलंय, म्हणाल्या. हे बरं होत नाही, गोळ्यांनी शांत बसतं, कधीकधी तेही नाही. तेव्हापासून सकाळी उठल्यावर पहिला तासभर माझे हात माझे नसतात. बोटं अर्धी वळतात आणि तिथंच थांबतात, सांध्यात वाळू शिरल्यासारखी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी नीट झाकतच नव्हती, म्हणून मी तोंड झाकून ठेवलं. दुखणं बायकोला माहीत, मुलीला माहीत, बाकी कुणाला नाही. कामावर तर अजिबात नाही. आणि हे दुखणं कालच्यापेक्षा आज कमी आहे की जास्त, हे मोजायला मी एक माप शोधून काढलं होतं. कॉफीच्या बरणीचं झाकण. रोज सकाळी बायको आंघोळीला गेली की मी ते उघडायचो. सहज उघडलं तर दिवस चांगला, दातओठ खाऊन उघडलं तर बेताचा. चार महिन्यांपूर्वी एके दिवशी ते उघडलंच नाही. फडकं गुंडाळून बघितलं, गुडघ्यांत धरून बघितलं, गरम पाण्याखाली धरून बघितलं. मग मी बरणी टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसून राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. पण त्यानंतर दोन दिवसांतच ते उघडायला लागलं. सहज. रोज. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणत मी खुशीत कामावर जायला लागलो.

डॉक्टरीणबाई एकेक सांधा दाबतात आणि बघतात मात्र तोंडाकडे. मी तोंड दगडाचं ठेवायला शिकलो आहे, त्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. "झाकणं वगैरे उघडता येतात?" त्यांनी मागच्या खेपेला विचारलं. "एका हातानं," मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी गोळ्या वाढवायचा बेत सोडून दिला. त्याच आठवड्यात कामावरचा वर्षाचा तब्येतीचा कागद आला. त्यात 'हातांची पकड' असा एक रकाना असतो. त्यापुढे मी 'उत्तम' लिहिलं आणि खाली दिमाखात सही ठोकली. त्या सकाळी ओट्यापाशी उभा राहिलो तेव्हा भ्रमाचा भोपळा फुटला. उत्तम होती ती माझ्या बायकोची पकड.

घरापासून पहिल्या कामापर्यंत चालत पंचवीस मिनिटं लागतात. वाटेत एक मोठा चौक आहे, तिथं दिव्यासाठी थांबलो असताना मुलगी आठवली. आता ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, आठवड्यातून दोनदा फोन करते आणि "बाबा, हात कसे आहेत" असं विचारते. मी "जागेवर आहेत" म्हणतो. पण मला आठवली ती चार वर्षांची. तिला खाऊची बरणी उघडायची असायची. मी बरणी हातात घ्यायचो, बोलता बोलता, तिचं लक्ष नसताना, झाकण पाव फेरा सैल करायचो आणि मग तिच्यापुढे धरायचो. "लाव जोर. हं, अजून." ती डोळे मिटून, सगळा चेहरा नाकाशी गोळा करून पिळायची आणि झाकण सुटायचं. मग ती शेजारीपाजारी दंड दाखवत फिरायची. मी आयुष्यात जी काही फसवाफसवी केली त्यात इतकी गोड दुसरी नाही. दिवा हिरवा झाला, लोक पलीकडे गेले, मी तिथंच उभा. म्हणजे गेले चार महिने मी डोळे मिटून, चेहरा गोळा करून दंड दाखवत फिरत होतो. शेजारीपाजारी नव्हे, डॉक्टरकडे आणि कचेरीत. बायकोवर राग होताच, पण तो टिकेना, कारण ही युक्ती तिनं कुठं पाहिली ते मला ठाऊक होतं.

रस्ता ओलांडताना पायांकडे लक्ष गेलं. चेनचे बूट. गेल्या थंडीत घेतले. लेस मशीनमध्ये अडकते, धोका असतो, असं मी दुकानदाराला ऐकवलं होतं, त्यानं न विचारता. आणि मग माझे वडील आठवले. सुतार होते. धुतलेली चादर पिळायची तर एक टोक आईच्या हातात आणि दुसरं त्यांच्या, आईचं टोक दरवेळी निसटायचं आणि ते हसायचे, "धर की." पंचावन्नाच्या सुमाराला एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की बुटांना लेस हा रिकामटेकड्यांचा शौक आहे. मग शर्टाच्या बटणांवर गदा आली. बटणं लावण्यात माणसाचं आयुष्य जातं, म्हणाले, आणि उन्हाळ्यातसुद्धा डोक्यातून घालायचा गळाबंद शर्ट वापरायला लागले. मग स्क्रू पिळायची कामं ते मला देऊ लागले. "शिकून घे, मी काय जन्माला पुरणार आहे?" आम्ही घरात हसायचो. म्हातारा लहरी झालाय, म्हणायचो. त्यांच्या हातांकडे कुणी बघितलंच नाही, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, आणि त्या तोंडात दरवेळी एक तयार कारण असायचं. ते गेले तेव्हाही बोटं अर्धी वळलेलीच होती, आम्हाला वाटलं मेल्यावर असंच होत असेल. भर रस्त्यात मला त्यांची इतकी माया आली की काय सांगू. एकदा तरी म्हणायचं होतंत हो, बाबा. मी काही हसलो नसतो. आता हे लिहिताना वाटतं, हसलोही असतो कदाचित.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आम्ही दोघं, मी आणि शिडी. शिडी म्हणजे माझा जोडीदार. सहा फुटांच्या वर गेलाय आणि भिंतीला टेकूनच उभा राहतो, म्हणून शिडी. मी सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून तो मला मास्तर म्हणतो. बावीस वर्षं आमची जोडी आहे. लिफ्टचं मशीन इमारतीच्या गच्चीवर एका खोलीत असतं, तिथं मोटर असते, दोरांचं चाक असतं आणि लिफ्टला धरून ठेवणारा ब्रेक असतो. त्या ब्रेकचे नट आवळायचं काम माझं. ते मी कुणाला देत नाही. नट आवळून झाला की आमच्यात एक पद्धत आहे. नटावरून खालच्या लोखंडापर्यंत लाल रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढल्या खेपेला येऊन बघायचं, रेघ सलग असली तर नट हलला नाही, तुटलेली दिसली तर फिरला. जो आवळतो त्यानंच रेघ ओढायची. ती सहीच असते एक प्रकारची. माझी रेघ उजवीकडे झुकते. शिडी डावखुरा, त्याची डावीकडे.

शिडीबद्दल आणखी एक सांगायला हवं. गेले आठदहा महिने मला त्याची काळजी वाटत होती. काम आटोपून आम्ही खाली उतरलो, हत्यारांच्या पिशव्या खांद्यावर घेतल्या, की हा कपाळावर हात मारायचा. "अरे, टोपी वर राहिली." आणि परत वर. कधी टोपी, कधी चष्मा, कधी पेन्सिल. दर कामाला काही ना काही. मी बायकोला सांगितलंसुद्धा, की शिडीचं डोकं चाललंय, पन्नाशीतच असं, पुढं कसं व्हायचं. कुणाला कळू नये म्हणून मी सांभाळून घ्यायचो, साहेबांपुढे त्याच्या वतीनं बोलायचो. चष्मा गळ्यात अडकवायला मी त्याला एक दोरीही आणून दिली. तो दोरीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू फार चांगला माणूस आहेस, मास्तर." मला वाटलं, बिचारा, याला कळतंय सगळं.

त्या दिवशी पहिलं काम एका सहा मजली इमारतीत होतं. तिथला ब्रेक मी तीन आठवड्यांपूर्वी आवळला होता, आता नुसती पाहणी होती. शिडी मोटरवर हात ठेवून, डोळे मिटून तिचा ताप बघत होता. मी बॅटरी घेऊन ब्रेकपाशी वाकलो. एरवी मी रेघ सलग आहे एवढं बघतो आणि पुढं जातो. या खेपेला नजर तिथंच थांबली, कारण सकाळपासून मी सगळ्या गोष्टींकडे झाकण असल्यासारखा बघत होतो. रेघ सलग होती, लालभडक होती आणि डावीकडे झुकलेली होती. दुसरा नट बघितला, डावीकडे. तिसरा, चौथा. मी नखानं खरवडलं. तिच्याखाली कुणीतरी चिंधीनं पुसलेला फिकट लाल डाग होता. खालच्या लोखंडावरचा डाग एका जागी आणि नटावरचा त्याच्या पुढे सरकलेला. किती सरकलेला ते मला मोजावं लागलं नाही. पाव फेरा. घरात पाव फेरा सैल, इथं पाव फेरा घट्ट, आणि मध्ये मी, 'उत्तम'. मी खाली बसलो.

"शिडी, या रेघा तुझ्या आहेत."

त्यानं डोळे उघडले नाहीत. "रेघच आहे ना. कुणाची का असेना."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

"मी लपवतोय?" आता त्यानं डोळे उघडले. "दोन वर्षं भांडं कोण लपवतंय, मास्तर?" मग तो माझ्यासमोर येऊन भिंतीला टेकला आणि घसरत घसरत खाली बसला, त्याला तसंच बसता येतं. म्हणाला, "तू पाना दोन्ही हातांनी धरायला लागलास ना, तेव्हाच कळलं होतं. जिन्यात कठडा धरत नाहीस, त्यावर मनगट ठेवतोस. चहाचा कप दोन तळव्यांत धरतोस. मी आंधळा आहे का?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललास का?"

नखात अडकलेला लाल रंग काढत मी विचारलं, "टोपी?"

"खिशात असायची."

"आणि चष्मा?"

"दुसऱ्या खिशात. पण दोरी छान आहे, वापरतो मी." आणि त्यानं गळ्यातली दोरी उचलून दाखवली. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही, दोन्ही एकदम येतात तेव्हा तोंडाचं काय करावं ते कळत नाही. आठदहा महिने हा माणूस सहासहा, आठआठ मजले परत चढून जात होता, माझ्यामागून, माझ्यासाठी, आणि वर वेड्यात निघत होता. आणि मी त्याची कीव करत होतो. मी म्हणालो, "अरे लेका, मी घरी सांगितलं की तुझं डोकं गेलंय." तो म्हणाला, "माहीत आहे. वहिनी भेटल्या तेव्हा मला बदाम खायला सांगत होत्या."

आम्ही दोघं हसलो. आणि हसता हसता मला एक गोष्ट आठवली. "शिडी. गेल्या महिन्यात तू बहिणीच्या ऑपरेशनला गेला होतास. चार दिवस." तो हसायचा थांबला. त्या चार दिवसांत मी तीन इमारतींचे ब्रेक आवळले होते, जोडीला दुसऱ्या गटातला एक माणूस होता, तो खाली लिफ्टच्या खड्ड्यात काम करायचा. माझ्यामागून वर जाणारं कुणी नव्हतं. शिडी म्हणाला, "आल्यावर दोन मी बघून आलो. तिसऱ्या ठिकाणी गच्चीची चावी मिळाली नाही. दोनदा गेलो. मग राहूनच गेलं." त्याचा आवाज एवढासा झाला होता. मी उठायला लागलो. माझ्याआधी उठून त्यानं हात पुढे केला आणि मी तो धरला, मनगटाशी, बोटांशी नाही. त्यानं बरोबर मनगटच पुढे केलं होतं.

ती इमारत तिथून दहा मिनिटांवर होती. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि एक आजी भाजीची पिशवी घेऊन आत पाऊल टाकत होती. "आजी, थांबा," मी म्हणालो. "बंद पडली का?" "नाही. बंद करतोय." "चालू असलेली कशाला बंद करता?" आजींनी चिडून विचारलं, आणि सात मजले कसे चढायचे, तुमच्या वयाचा माझा मुलगा आहे, त्याला सांगू का, वगैरे. आजी, सांगा, मला मनातून म्हणावंसं वाटलं. कुणीतरी सांगायला हवंच आहे. शिडीनं पिशवी उचलली, लिफ्टला कुलूप लावलं आणि आजींना जिन्याशेजारच्या बाकावर बसवलं. मी पुढे चढायला लागलो. सात मजले. पाचव्यावर त्यानं मला गाठलं, पण पुढे गेला नाही, माझ्या मागून एक पायरी सोडून चढत राहिला. मला एकच दिसत होतं: महिनाभर ती आजी रोज वर-खाली करत असणार, पिशवी घेऊन, माझ्या भरवशावर, माझ्या सहीवर.

मशीनच्या खोलीत बॅटरी शिडीच्या हातात होती. पहिल्या तीन नटांवर माझ्याच रेघा होत्या, उजवीकडे झुकलेल्या, सलग. चौथ्यावर रेघ तुटली होती. वरचा तुकडा आणि खालचा तुकडा एकमेकांना विचारत नव्हते. अजून काही झालं नव्हतं. पण तो असाच फिरत गेला असता, ब्रेकची पकड कमी होत गेली असती, आणि एक दिवस लिफ्ट मजल्यावर थांबायची ती चार बोटं खाली थांबली असती, मग वीतभर, मग पुढचं मला सांगवत नाही. ब्रेकची पकड. त्या कागदात हा रकाना लिफ्टलाही असायला हवा होता. शिडीनं माझ्या पिशवीतून पाना काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यानं तो धरला याचं मी आजन्म ऋण मानीन. त्याला माहीत होतं की माझ्याच्यानं होणार नाही, तरी त्यानं आधी मला विचारलं. पाना छान जड होता. बावीस वर्षांत त्याच्या दांड्याला माझ्या तळव्याचा आकार आला आहे. मी तो दोन क्षण धरला आणि परत दिला. "तू आवळ," मी म्हणालो. "मी बघतो."

त्यानं चारही आवळले. पाव फेरा, पाव फेरा, पाव फेरा, चौथा जवळजवळ अर्धा. मग त्यानं लाल पेन उघडून रेघ ओढायला घेतली, थांबला, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ज्यानं आवळलं त्याची रेघ. पद्धत आहे." त्यानं रेघा ओढल्या, डावीकडे झुकलेल्या, वाकड्या. बावीस वर्षांत त्याला सरळ रेघ आली नाही. तसं मी त्याला सांगितलंही.

लिफ्ट चार वेळा वरखाली करून बघितली आणि आजींना मीच वर सोडलं. त्यांनी आभार मानले नाहीत, बरंच केलं. मग जिन्यात उभा राहून साहेबांना फोन लावला. "साहेब, तब्येतीच्या कागदात मी खोटं लिहिलंय. हातांच्या रकान्यात." पलीकडे कुणाशी तरी चाललेलं बोलणं थांबलं. मी सगळं सांगितलं, चौथ्या नटासकट. शिडीचं नाव घेतलं नाही, तर त्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच सांगितलं. साहेब म्हणाले, आजपासून पान्याला हात लावू नकोस, उद्या दोघं येऊन भेटा, डॉक्टरचा खरा कागद घेऊन ये, मग बघू. मग बघू म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मोटरच्या आवाजावरून बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे हे मला डोळे मिटून सांगता येतं, दोर कुठं झिजणार ते मी सहा महिने आधी सांगतो. त्याचं काही होतं का ते दुसऱ्या दिवशी कळणार होतं. नाही झालं तर नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. मी लिफ्टवाला नसलो तर कोण, याचं उत्तर मी कधी तयार ठेवलेलं नाही. पण दोन वर्षं छातीवर एक गोणी होती, ती कुणीतरी दुसऱ्या बाजूनं उचलली होती. निघताना शिडीनं कपाळावर हात मारला. "टोपी वर राहिली," म्हणाला. मी वळून बघितलं तर डोक्यावरच होती. गाढव कुठला.

येताना नवी बरणी घेतली. दुकानात प्लास्टिकचीही होती, पण मी काचेचीच घेतली. डॉक्टरीणबाईंची दुसऱ्या दिवशीची वेळ फोनवर ठरवली. घरी आलो तेव्हा बायको टेबलापाशी बसली होती, समोर सगळ्या बरण्या मांडून, जणू मुद्देमाल. मी समोरच्या खुर्चीवर बसलो. "कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही बरणी घेऊन बसला होता ना, त्या दिवसापासून. मी दारात होते." ती झाकणाशी चाळा करत होती. "सव्वीस वर्षांत तुम्हाला तसं कधी बघितलं नव्हतं. मला ते बघवलं नाही हो. आत यावं, जवळ बसावं, असं वाटलं, पण आले असते तर तुम्ही म्हणाला असता, झाकणच खराब आहे."

म्हणालोच असतो. तीच वाक्यं, तोच आवाज, वडिलांचा. ती सांगत होती, की रोज आंघोळीला जायच्या आधी ती सगळी झाकणं सैल करून जायची; कधी विसरली तर अंगावर पाणी घेतल्यावर आठवायचं आणि तशीच टॉवेल गुंडाळून धावत यायची. मला आठवलं, सकाळी स्वयंपाकघरात कधीकधी ओल्या पावलांचे ठसे असायचे. मी त्यावरून तिच्यावर वैतागलोही होतो, घसरून पडशील म्हणून. मग मी तिला माझ्या मापाचं सांगितलं. रोजची परीक्षा, डॉक्टरीणबाई, कागद, शिडीची टोपी, चौथा नट, आजी. शिडीचं ऐकताना ती हसली. आजीचं ऐकताना तिचा हात झाकणावरच राहिला. "म्हणजे माझ्यामुळे..." ती म्हणाली.

"नाही. सही माझी होती."

"मला काय माहीत तुम्ही बरणीवर डॉक्टरकी चालवताय." आणि ती रडायला लागली, हसत हसतच. मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर करून. दोन वर्षांत मी ते तिच्यासमोर असे ठेवले नव्हते, खिशात तरी असायचे किंवा काखेत तरी. तिनं एकेक बोट बघितलं, डॉक्टरीणबाई बघतात तसं, फक्त ती तोंडाकडे न बघता बोटांकडे बघत होती. "हे दुखतं?" "हो." "आणि हे?" "ते फार." अशी दहाही झाली. एवढंच सांगायला दोन वर्षं लागली.

मग आम्ही नव्या बरणीत कॉफी भरली. झाकण मी लावलं, जमलं तिथपर्यंत. जिथं माझा हात थांबला तिथं थांबलो आणि बरणी तिच्यापुढे सरकवली. "वरचा पाव फेरा तू दे."

"अहो, मग सकाळी?"

"सकाळी हाक मारीन."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि झाकण असं पिळलं की ते किंचाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात वाईट होते. न्हाणीत पाणी पडत होतं. मी ओट्यापाशी उभा राहिलो आणि माझी खोड इतकी जुनी की आधी एकदा झाकण पिळून बघितलंच. हललं नाही. मग फडकं शोधलं. फडकं हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो. "अगं," मी म्हणालो, इतक्या हळू की मलाही ऐकू आलं नाही. ती हाक नव्हतीच. फडकं खाली ठेवलं, घसा साफ केला आणि तिला मोठ्यानं हाक मारली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

पाणी थांबलं. "आले," ती म्हणाली.

मी बरणी बुडाला धरून तिची वाट बघत उभा राहिलो.